बोल्टवरचा चिखल आणि माझे 57,000 रुपये

लिहायला लाज वाटून राहिली, पण नागपूरच्या वाडी, कापसी, कळमना पट्ट्यात माझ्यासारखे एकाच गाडीचे मालक पुष्कळ आहेत, म्हणून लिहितो. स्टेअरिंग धरून 14 वर्षं झाली, मी काही नवशिका नाही. तरी 57,000 रुपये गेले आणि दुखणं निघालं 1,830 रुपयांचं.

गाडी म्हणजे दहा चाकी ट्रक, सहा सिलिंडरचा. चंद्रपूरकडून सिमेंट आणतो, जाताना मिळेल तो माल. उन्हाळ्यात टायरला पैसे नव्हते म्हणून महिनाभर उभी होती. पावसाळ्यात चालू केली आणि तेल टपकायला लागलं. सकाळी इंजिन अन् गिअरबॉक्सच्या जोडाखाली ताटलीएवढा काळा डाग. वरोऱ्याला जाऊन आलो की तेल मोजायची डिपस्टिक पाहून पोटात गोळा.

गॅरेज रिंग रोडच्या अंगाला आहे. नाव लिहीत नाही, वकिलानं नको म्हटलं. मालकानं खाली वाकून बोट लावलं, पुसलं आणि म्हणाला, "क्रँकचं मागचं सील गेलं भाऊ. गिअरबॉक्स उतरवा लागते." हे सील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारी कडी. आता सांगा, त्या जागी टपकत असेल तर तुम्हीही हेच मानलं असतं की नाही? कोणाही ड्रायव्हरला पहिला संशय मागच्या सीलचाच येतो. मजुरी 6,500, सील 3,850, पंधरा लिटर तेल 5,250. झाले 15,600, रोख. बिल मागितलं तर वहीतलं पान फाडून दिलं. जुनं सील दाखवलं तेही कोरडं, धूळ बसलेलं. तेल गळणाऱ्या इंजिनातून निघालेलं सील कोरडं कसं असेल? हा प्रश्न मला महिन्याभरानं पडला. जुना पार्ट हातात घेऊन वास घ्या, बोट फिरवा, आणि घरी न्या. द्यायला कुरकुर केली तर तिथंच समजा.

पण रात्री झोप उडते ती त्या सीलनं नाही. गाडी मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी जामच्या पुढं एका ढाब्यावर उभा होतो. खाली पुन्हा थेंब दिसला म्हणून मोबाईलचा टॉर्च लावून गाडीखाली पाठीवर झोपलो. गिअरबॉक्सचे बोल्ट डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. त्यांच्यावर चिखलाचा वाळलेला थर, कडेला गंज, एकाही डोक्यावर पान्याचा ओरखडा नाही. गिअरबॉक्स उतरवून चढवलेल्या गाडीचे बोल्ट असे असतात का? पान्यानं घासलेली जागा चकाकते, हे क्लीनरलाही माहीत आहे. मी ते पाहिलं, चांगलं अर्धा मिनिट पाहिलं आणि स्वतःलाच समजावलं, की पावसाचे दिवस आहेत, चिखल उडाला असेल. तीन दिवसांत उडून वाळून गंजलासुद्धा! माल भरलेला, हप्ता चार दिवसांवर, घरी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. माणसाला जे परवडत नाही ते दिसत नाही, दुसरं काय. त्यानं गिअरबॉक्सला हातही लावला नव्हता. इंजिन धुतलं होतं फक्त, म्हणून दोन दिवस कोरडं दिसलं.

गॅरेजात गाडी सोडायच्या आधी बोल्टांवर ऑइलपेंटचा ठिपका मारा. बायकोची नेलपॉलिशही चालते.

परत गेलो तर म्हणाला, एक लीक बंद केलं की दुसरं उघडते भाऊ. मग टर्बोच्या रिटर्न पाइपचं पॅकिंग, खालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग, टायमिंग कव्हरचं सील आणि पुन्हा तेल. 21,400, तेही रोख. आठवड्यानं पुन्हा डाग. आता म्हणे ब्लॉकला केसाएवढी चीर आहे, हाफ इंजिन, म्हणजे क्रँक-पिस्टनसकट खालचा ब्लॉक, टाका, 48,000. मी 20,000 ॲडव्हान्स दिला. हसा. तेवढा मात्र फोनवरून पाठवला आणि आज माझ्याजवळ पुरावा म्हणावा असा तेवढाच आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळं गॅरेज बंद, म्हणून गाडी माझ्याच दारात राहिली. नाहीतर इंजिन खाली उतरलंच असतं. शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे मिस्त्री, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, काठी टेकत आले. आधी बोटावर तेल घेऊन वास घेतला. "गिअरचं नाही, त्याले गंधकासारखी घाण येते. हे इंजिनचंच." मग डिझेलनं इंजिन धुवायला लावलं, वाळू दिलं, आणि नातीची पावडर मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत शिंपडली. अर्धा तास गाडी फिरवली. पांढऱ्यावर काळी रेघ! सगळ्यात वर, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघालेली, ब्लॉकच्या पाठीवरून उतरून थेट जोडापर्यंत. तेल जिथं टपकतं तिथं ते गळत नसतं हो. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची.

"पण हे पॅकिंग फुटलं काहून?" म्हणत त्यांनी तेल टाकायचं झाकण चालू इंजिनवर सैल केलं. ते उड्या मारायला लागलं. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणारा, पाइप काढला तर तोंडाशी कुंभारीण माशीचं मातीचं घर. गाडी महिनाभर उभी होती ना! पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं जो गॅस खाली उतरतो त्याला बाहेर पडायला वाट नाही, मग तो दाब तेलाला जिथं कच्चं सापडेल तिथून ढकलतो. म्हणजे नवं पॅकिंग टाकून ब्रीदर तसाच ठेवला असता तर पुन्हा गळलंच असतं. पॅकिंग 780, पाइप आणि क्लिप 450, मजुरी 600.

आता साहेब लोकांचं ऐका. पहिल्या ठाण्यात म्हणाले, हद्द आमची नाही. दुसऱ्यात विचारलं, पैसे तुम्हीच दिले ना? मग दिवाणी मामला आहे, आपसात मिटवा. मी म्हटलं, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, ही फसवणूक, पूर्वीचं कलम 420, आता न्याय संहितेचं 318. तर हवालदार म्हणतो, मोबाईलवर वाचून आले का? आणि गाडी तर चालून राहिली, मग तक्रार कशाची? अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळवायला तीन चकरा. एका चकरेत जेवणाची सुट्टी, एकीत साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्यांदा शिक्काच सापडेना. हद्दीचा नकाशा मात्र प्रत्येकाला तोंडपाठ. तीन दिवस गाडी उभी, ते नुकसान वेगळंच, ते कोणत्याच कागदात बसत नाही.

ग्राहक आयोगात तक्रारीचं विचारलं तर खिडकीवरच्यानं मान वर न करता सांगितलं, ट्रक व्यापारी वाहन आहे, तुम्ही ग्राहक नाही. साफ चूक. 2019 च्या कायद्यात लिहिलंय, स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठीच वापरत असाल तर तुम्ही ग्राहकच. 5 लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत दाखल करा, आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नीट विचारून घ्या. खिडकीवरच्याच्या शब्दावर घरी येऊ नका, मी आलो होतो, दीड महिना गेला. पक्कं बिल नसेल तर तिथंही घाम फुटतो, माझा फुटून राहिला.

ग्राहक तक्रारीचा अर्ज टाकलाय. परवा त्या गॅरेजवाल्याचाच फोन आला. "भाऊ, हाफ इंजिन तयार आहे. उरलेले 28,000 घेऊन या, जागा अडून राहिली."