डीईएफच्या कॅनमध्ये खताचा युरिया: नाशिकच्या डिझेल गाडीवाल्यांनो, झाकण उघडण्याआधी हे बघा

डिझेल गाडीत डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे धूर साफ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण) भरणं हे दहा मिनिटांचं काम. पण त्याच दहा मिनिटांत गाडीमालकाला चुना लावायची सोय हायवेलगत झालेली आहे. एका नाशिककर गाडीमालकाची फसवणूक कशी झाली ते आधी सांगतो, मग तपासणीकडे येऊ. दुकानाचं नाव देत नाही, कारण हा उद्योग एकाच दुकानाचा नाही.

गाडी सात सीटर, पाथर्डी फाट्याहून मुंबई विमानतळाकडे निघालेली. डॅशबोर्डवर डीईएफची सूचना होती आणि अजून ८०० किलोमीटर शिल्लक दिसत होते. म्हणजे घाई काहीच नव्हती, मुंबईला जाऊन परत आल्यावरही चारशेच्या वर उरले असते. पण दिवा दिसला की माणूस घाबरतो आणि दुकानदार त्यावरच जगतो. रस्त्यालगतच्या ऑइलच्या दुकानात नावाजलेल्या कंपनीच्या छापाचा १० लिटरचा कॅन छापील दराच्या निम्म्यात मिळत होता. ‘स्टॉक क्लिअर करतोय साहेब, माल तोच आहे.’ मालक पाकीट काढेपर्यंत पोऱ्याने गाडीच्या डीईएफ टाकीचं निळं झाकण उघडून नरसाळं लावलंसुद्धा. बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी, त्यावर नुसतं ‘युरिया १ नग’.

काटा वर गेला. परतताना कसारा घाट चढताना डीईएफच्या दर्जाची सूचना आली, मागोमाग इंजिनाचा पिवळा दिवा, आणि मग उलटी मोजणी: इतक्या किलोमीटरनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. (चालती गाडी मध्येच बंद पडत नाही. मोजणी शून्यावर आल्यावर मात्र एकदा बंद केलेली गाडी स्टार्ट घेत नाही. धाब्यावर चहाला थांबलात की तिथेच.) सर्व्हिस सेंटरला टाकीतला थेंब मीटरवर धरला तर युरियाचा आकडा आला २४ टक्के, हवा होता ३२.५. डीईएफ फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरा थर धरायला लागला होता. वॉरंटी नाकारली, कारण दोष बाहेरून भरलेल्या द्रवाचा. टाकी उतरवणं, धुणं, इंजेक्टर साफ करणं, नवा द्रव भरणं, सगळं खिशातून.

आता हिशोब बघा, म्हणजे ही फसवणूक का परवडते ते कळेल. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि ६७.५ टक्के क्षारमुक्त पाणी, बाकी काही नाही. शेतकऱ्यासाठीच्या नीम कोटेड युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्या एका गोणीत ३२.५ टक्क्यांचं सुमारे १२७ लिटर द्रावण होतं. लिटरमागे युरियाचा खर्च दोन-सव्वादोन रुपये, आणि पाणी बोअरचं. त्यातही पाणी जास्त ओतलं तर आणखी स्वस्त.

मग बिघडतं काय? खताच्या युरियात बाययुरेट नावाचा घटक १.५ टक्क्यांपर्यंत चालतो. डीईएफच्या आयएसओ २२२४१ या मानकात त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. जास्तीचं बाययुरेट गरम एक्झॉस्टमध्ये नीट जळत नाही आणि इंजेक्टरवर व पाइपात थर धरतं. पाण्याचं दुखणं याहून मोठं. मानकात कॅल्शियम किलोमागे जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम चालतं, आणि आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या बोअरच्या पाण्यात याच्या शंभर पट सहज असतं. हे क्षार उडून जात नाहीत, एससीआर कॅटॅलिस्टवर (धुराच्या पाइपातल्या, धूर साफ करणाऱ्या भागावर) बसून राहतात. तिथे युरियापासून तयार झालेला अमोनिया धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी करतो. पृष्ठभाग झाकला की ते काम मंदावतं. मागचा नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सर ते पकडतो आणि दिवा लागतो. ‘आम्ही आरओचं पाणी वापरतो’ असं छातीठोक सांगणारेही भेटतील. पिण्याच्या आरओतही या कामासाठी क्षार जास्तच राहतात.

कॅन हातात आला की आधी झाकण बघा, लेबल नंतर. ट्रान्सपोर्टवाल्यांकडचे रिकामे कॅन भंगारात विकले जातात आणि पुन्हा भरून येतात. लेबल असली, आतला माल नकली, ही त्यातली गंमत. झाकणाखालची तुटणारी रिंग अखंड हवी. झाकण उघडल्यावर तोंडावर फॉइल चिकटवलेलं असेल तर ते कडेपर्यंत चिकटलेलं हवं, फेविक्विकचे डाग असले की संपलं. आट्यांमध्ये पांढरी भुकटी दिसली तर तो कॅन आधी उघडलेला आहे, कारण सीलबंद कॅनच्या आट्यांत वाळलेला युरिया येणार कुठून? (गाडीच्या फिलरभोवतीची पांढरी पापडी वेगळी, ती चांगल्या डीईएफचीही धरते, कोमट पाण्याने पुसली की जाते.) बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख छापलेली हवी, त्यावर अंगठा घासून बघा. ‘ॲडब्लू’ हे जर्मन वाहन उद्योग संघटनेचं नोंदणीकृत नाव आहे, त्यामुळे ते नसलेला कॅन वाईट असं नाही. पण आयएसओ २२२४१ चा उल्लेख हवाच.

तारीख का, तर उष्णतेने डीईएफ खराब होतं. सतत २५ अंशांखाली ठेवलं तर साधारण १८ महिने, ३५ अंशांपर्यंत गेलं तर ६ महिने. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला माल असली असूनही खराब असू शकतो. उघडल्यावर अमोनियाचा नाकात झोंबणारा वास आला तर परत करा. चांगल्या द्रवाला वास अगदी हलका असतो, रंग पाण्यासारखा. पिवळट झाक, वर तेलकट तवंग किंवा निंबोळीचा कडवट वास म्हणजे खताची गोणी. पण गाळून, साफ करून विकणारेही आहेत, म्हणून नुसतं स्वच्छ दिसणं हा पुरावा नव्हे.

वजन मात्र सहसा फसवत नाही. डीईएफची घनता १.०९ आहे: १० लिटर म्हणजे १०.९ किलो, २० लिटर म्हणजे २१.८ किलो, अधिक रिकाम्या डब्याचं वजन. किराणा दुकानातल्या काट्यावरही माप कमी असलेला किंवा भरपूर पाणी घातलेला माल उघडा पडतो.

आणि नाशिकमध्ये एक सोय अशी आहे जी इतर शहरांत क्वचितच सापडेल. द्राक्ष बागायतदाराच्या घरी गोडी मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतोच. दिंडोरी-निफाडकडे पाहुणे असतील तर मागून आणा. डिस्टिल्ड वॉटरवर शून्य जुळवा, काच पुसा, डीईएफचा थेंब टाका, सावलीत उजेडाकडे धरा. बरोबर माल ब्रिक्सच्या (गोडीच्या) पट्टीवर ३१ च्या आसपास दिसतो, ३० ते ३२ मध्ये. पंचवीस दिसला तर त्यात पाणी आहे. डीईएफसाठीचा वेगळा मीटर सरळ टक्के दाखवतो, ३१.८ ते ३३.२ योग्य. एक लक्षात घ्या: हे उपकरण फक्त प्रमाण सांगतं. खताचा युरिया नेमक्या प्रमाणात विरघळवला तरी तो ३१ च दाखवेल. टीडीएस मीटरवर तर डीईएफ मुळीच पारखू नका, युरियाचं प्रमाण त्याला कळतच नाही.

भरताना गाडी सपाट जागी, इंजिन बंद. निळं झाकण बहुतेक डिझेलच्या झाकणाशेजारी असतं, काही गाड्यांत डिकीत. कॅनबरोबरची नळीच वापरा. ऑइलचं नरसाळं, तांब्या-पितळेचं किंवा जस्ताचं भांडं अजिबात नको. ओतण्याआधी गेजवर किती जागा आहे ते बघून ठेवा. ६ लिटरच बसतील तिथे १० लिटरचे पैसे लावणारे पंपही आहेत. अगदी थोडं भरलं तर सेन्सर दखल घेत नाही, बहुतेक गाड्यांना चार-पाच लिटर लागतात. मग इंजिन सुरू न करता इग्निशन मिनिटभर चालू ठेवा. दिवा लगेच गेला नाही तर थोडं चालवल्यावर जातो. याच टप्प्यावर ‘सेन्सर गेलाय’ म्हणून स्कॅनर लावणारा भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे व्हा.

त्याहून मोठी फसवणूक त्या पुढच्या गॅरेजात. ‘कशाला दरवेळी युरिया भरता, किट बसवून सिस्टिमच बंद करून देतो.’ हे किट ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) खोटे सिग्नल देतं. ते बेकायदा आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा मूळ बदल करता येत नाही, वॉरंटी जाते, आणि कंपनीच्या पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटला किट उघडं पडतं. मग तोच माणूस ‘परत चालू करायचे’ वेगळे पैसे मागतो.

संशयित माल टाकीत गेलाच असेल तर इग्निशनही लावू नका, पंप ते द्रव पुढे इंजेक्टरकडे ढकलतो. टाकी रिकामी करून क्षारमुक्त पाण्याने धुवून घेणं इंजेक्टर किंवा कॅटॅलिस्ट बदलण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. वरून चांगलं डीईएफ ओतून प्रमाण ‘सुधारायचा’ प्रयत्न करू नका, प्रमाण सुधारलं तरी कॅल्शियम तिथेच राहतं. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तरीही तेच: चावी फिरवायची नाही, टोइंग.

भरताना कॅनमधलं पाव लिटर एका स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत काढून ठेवा. बाटली आधी त्याच द्रवाने खळाळून घ्या. कॅनचं लेबल, बॅच नंबर आणि जीएसटीचं पक्कं बिल यांचे फोटो, सोबत ओडोमीटरचा आकडा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना हेच लागतं. माप कमी असेल तर वैधमापन खात्याकडे जा. खताचा युरिया असल्याचा संशय असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे; अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. कॅन रिकामा झाला की तोंड कापून टाका, म्हणजे तो पुन्हा भरायला कुणाच्या हाती लागणार नाही.