तानपुरा-तबल्याचं ॲप आणि बढत: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बंदिश बसलेली असते, गाणं शिकवणाऱ्या ताईंनी गायलेले आलाप जसेच्या तसे म्हणता येतात, आणि मग एक दिवस ताई म्हणतात, "आता पुढचं तू गा." सहा वर्षं शिकूनही त्या वाक्यापाशी माझा आवाज अडायचा. आपली आपण बढत, म्हणजे रागाचा हळूहळू विस्तार, करता यावी म्हणून नऊ महिन्यांपूर्वी फोनवर तानपुरा-तबल्याचं ॲप घेतलं. तेव्हापासून रोज साधारण पाऊण तास विलंबित (संथ लयीच्या) एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या तालात, भूप राग गातेय, दुसरा राग घेतलेला नाही. ॲपचं नाव देत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं अशा कुठल्याही ॲपला लागू होईल.

आधी तानपुऱ्याबद्दल. माझी पट्टी, म्हणजे माझ्या षड्जाची (सा) उंची, काळी चार. या पट्टीत खर्जाची, म्हणजे खालच्या सा-ची, तार १०४ हर्ट्झच्या आसपास बोलते आणि फोनच्या छोट्या स्पीकरमधून ती जवळजवळ येतच नाही, वरची झणझण तेवढी ऐकू येते. पहिला महिना मी तसंच गायले आणि षड्ज सारखा का हलतोय ते कळेना. मोठा स्पीकर जोडला तेव्हा फरक समजला. खर्ज नीट ऐकू आला की त्यातून शुद्ध गांधार (ग) आपोआप कानावर पडतो, आणि भूपात तर तोच वादी, म्हणजे मुख्य स्वर. त्या गांधारात आवाज मिसळला की तिथे कितीही वेळ थांबावंसं वाटतं. हेडफोन लावायचाच असेल तर एकाच कानाला लावा. दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज खरा ऐकू येत नाही. ॲपमधलं स्वरमंडळ (रागाचे स्वर छेडणारं तारांचं साथीचं वाद्य) मी दुसऱ्याच दिवशी बंद केलं. त्याचा गांधार हार्मोनियमसारखा, म्हणजे तानपुऱ्यातून येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा होता. दोन्ही एकदम वाजले की कानाला टोचायचं.

आता ठेका, म्हणजे तबल्यावर फिरून फिरून वाजणारे तालाचे बोल. मिनिटाला २४ मात्रा लावून सुरुवात केली, म्हणजे एक आवर्तन (तालाची एक फेरी) ३० सेकंदांचं. स्क्रीनवर मात्रांचे आकडे पुढे सरकतात. दहा दिसले की आलाप आवरायचा, अकराव्याला मुखडा (बंदिशीच्या सुरुवातीचे शब्द) उचलायचा, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं. चार महिने असं गायले. शंभरातल्या नव्वद वेळा तरी सम अचूक यायची आणि मला मनापासून वाटत होतं की जमलं.

पाचव्या महिन्यात ताईंकडे तबलजींबरोबर बसले. ठेका तोच, लयही तीच. पण तबलजी ठेक्यात जास्तीचे बोल भरत होते, मध्ये छोटी फिरत घेत होते, आणि समोर आकडे नव्हते. दुसऱ्याच आवर्तनात मुखडा एक मात्रा उशिरा आला. तिसऱ्यात मी नवव्याच मात्रेला उचलला. ताईंनी थांबवलं नाही, फक्त हाताने टाळी दाखवत राहिल्या. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की चार महिने मी ठेका ऐकलाच नव्हता, वाचला होता.

त्या दिवसापासून फोन पालथा. ज्यांना आवर्तनाचा अंदाज येत नाही त्यांना उपयोग होईल म्हणून पुढचं सविस्तर लिहिते.

एकतालाचे बोल आपल्याला तोंडपाठ असतात: धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. यात 'धागे तिरकिट' दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि पुन्हा नवव्या-दहाव्याला. गाण्यात मन गुंतलेलं असताना यातलं कुठलं चाललंय ते कळत नाही, कारण दोन्ही सारखीच ऐकू येतात. मी फसायचे ती इथेच. खूण आहे सातव्या मात्रेचा 'कत्'. डग्ग्यावरचा (तबल्याच्या जोडीतल्या खोल आवाजाच्या वाद्यावरचा) तो बंद, कोरडा आघात एकदा ओळखीचा झाला की चुकत नाही. कत् ऐकला म्हणजे अर्धं आवर्तन झालं, आणि त्यानंतर येईल तो तिरकिट मुखड्याच्या आधीचा. पहिल्या तिरकिटनंतर 'तू ना' येतं, त्यात डग्गा नसतो, जागा मोकळी वाटते. दुसऱ्यानंतर 'धी'चा डग्गा पुन्हा घुमतो आणि तो घुमारा समेकडे ओढून नेतो. पहिले दोन आठवडे मी काहीच गायले नाही. डोळे मिटून फक्त कत् पकडायचा, कत् आला की श्वास घ्यायचा. मग हळूहळू आलाप त्या अंदाजाने लांबायला आणि आखडायला लागला. लय २० मात्रांवर उतरवली, आवर्तन ३६ सेकंदांचं झालं, आणि तरीही मोजावं लागलं नाही.

ॲपमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे. ती सुरुवातीला वापरली नाही याची हळहळ वाटते. सहाव्या महिन्यात एक रेकॉर्डिंग ताईंना ऐकवलं. मिनिटभर ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, धैवतावर किती थांबतेस? हा देशकार व्हायला लागलाय." पुन्हा ऐकलं, अगदी खरं होतं. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूप गांधाराचा, पूर्वांगाचा, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागाचा. देशकार धैवताचा (ध), उत्तरांगाचा, म्हणजे वरच्या भागाचा. नवं काही सुचत नाही म्हटलं की मी वर जायचे आणि धैवतावर बसायचे, आणि राग बदलायचा. ठेका चुकला तर यंत्रामुळे कळतं. राग सुटला तर यंत्र तितक्याच शांतपणे वाजत राहतं, आणि ही या ॲपची सगळ्यात मोठी मर्यादा आहे. दर आठवड्याला एक रेकॉर्डिंग जाणत्या माणसाला ऐकवल्याशिवाय यावर एकट्याने बढत करू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

मधे महिनाभर मेरुखंडाचाही, म्हणजे ठरावीक स्वर सगळ्या शक्य क्रमांनी म्हणण्याचाही, प्रयोग केला. चार स्वरांचे २४ क्रम होतात, पाचांचे १२०. सा रे ग प हे चार घेऊन सगळे २४ म्हटले. गळा मोकळा झाला, पण त्यातून भूप दिसला तो मोजक्याच क्रमांत. त्यापेक्षा एका आवर्तनात फक्त षड्ज, रिषभ आणि गांधार एवढ्यातच राहायचं, हा ताईंनी दिलेला नियम मला जास्त फळला. जागा कमी असली की स्वराला कुठून जायचं, किती रेंगाळायचं, कण (दुसऱ्या स्वराचा हलका स्पर्श) कुठला घ्यायचा, हे शोधावंच लागतं. पहिल्या दिवशी ३६ सेकंद संपता संपेनात. आता दहा-बारा आवर्तनं या तीन स्वरांवर जातात आणि पंचमावर जायची घाई होत नाही.

गेल्या महिन्यात त्याच तबलजींबरोबर पुन्हा बसले. वीसेक मिनिटं गायले, सम दोनदा चुकली. एकदा मी मुखडा जरा ओढून घेतला, तर त्यांनी शेवटचा 'ना' हलका ठेवला आणि आम्ही समेवर बरोबर एकत्र आलो. असं काही ॲपबरोबर नऊ महिन्यांत एकदाही झालं नव्हतं. ॲप रोज चालूच आहे, फोन पालथा ठेवून. सध्या धैवतावर जाऊन, तिथे न बसता, पंचमावरून गांधाराला परत येण्याची मेहनत चालली आहे. त्याला अजून दोन आवर्तनं लागतात.