होस्टिंग बंद पडल्यानंतर ह्यूगोवर काढलेले आठ महिने

वर्डप्रेसवर अकरा वर्षे चालवलेला माझा ब्लॉग एका सकाळी उघडला, तेव्हा लेखांच्या जागी ‘हे खाते स्थगित करण्यात आले आहे’ एवढीच पाटी होती. शेअर्ड होस्टिंगच्या (म्हणजे अनेक साइटींनी एकच सर्व्हर वाटून घेण्याच्या) मर्यादेपेक्षा माझ्या खात्याने जास्त सीपीयू वापरला, असे कारण कंपनीने दिले आणि ते खोटे नव्हते. लॉगिनच्या पानावर बॉट रात्रभर पासवर्ड आजमावत होते आणि प्रत्येक धडकेला पाने घडवणारी पीएचपी ही भाषा आणि मजकूर साठवणारा मायएसक्यूएल हा डेटाबेस दोन्ही कामाला लागत होते. स्थगिती मी समजून घेतली असती; पण खात्याबरोबर कंट्रोल पॅनेलही बंद झाले होते आणि ज्या रोजच्या बॅकअपच्या भरवशावर मी निर्धास्त होतो, तो त्याच पॅनेलच्या आत, त्याच सर्व्हरवर होता. सहा दिवस तक्रारीच्या तिकिटांना तीच ती छापील उत्तरे आली. सातव्या दिवशी ४८ तासांपुरता प्रवेश मिळाला, तेवढ्यात डेटाबेसचा डंप (सगळ्या मजकुराची एकत्र फाइल) आणि चित्रांचे फोल्डर उतरवून घेतले. डोमेनची नोंदणी दुसरीकडे होती, म्हणून निदान पत्ता तरी हातचा गेला नाही.

पुन्हा वर्डप्रेस नको, हे तेव्हाच ठरले. गो भाषेत लिहिलेला आणि २०१३ पासून उपलब्ध असलेला ह्यूगो हा साइट बनवणारा प्रोग्राम निवडला. तो मार्कडाउनमधल्या, म्हणजे साध्या खुणा वापरून लिहिलेल्या मजकुराच्या फायलींपासून तयार एचटीएमएल पाने बनवतो. सर्व्हरवर डेटाबेस नसतो आणि लॉगिनचे पानही नसते, त्यामुळे बॉटांना आजमावायला काही उरत नाही. माझे सहाशेच्या आसपास लेख तो दोन-तीन सेकंदांत बांधतो.

खरा घाम काढला तो मजकुराने. अक्षरे संगणकात आकड्यांच्या (बाइटांच्या) रूपात साठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. जुन्या डेटाबेसची जोडणी लॅटिन-१ या रोमन अक्षरांच्या पद्धतीत होती आणि आत साठवलेला मजकूर सर्व लिप्यांसाठीच्या यूटीएफ-८ मध्ये. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. त्या प्रत्येक बाइटला लॅटिन-१ ने स्वतंत्र अक्षर मानल्यामुळे डंपमध्ये एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हे आली, आणि त्यांतले पहिले दर वेळी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला तोच तो रोमन ए. उलटे रूपांतर करून हे सुटते असे सगळीकडे सांगितलेले असते. माझ्या बाबतीत ते अर्धेच सुटले, कारण मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणते ते प्रत्यक्षात विंडोज-१२५२ ही तिच्याशी मिळतीजुळती पद्धत असते, त्यात पाच बाइटांना कोणतेही अक्षर नेमून दिलेले नाही, आणि पाय मोडण्याच्या चिन्हाचा तिसरा बाइट नेमका त्या पाचांपैकी एक आहे. साधे शब्द नीट उमटत होते आणि रूपांतर पहिल्याच जोडाक्षराशी अडून बसत होते. ते पाच बाइट वेगळे हाताळणारी वीस ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिली, तेव्हा कुठे ‘प्रत्येक’ हा शब्द ‘प्रत्येक’ असा दिसला. तेवीस लेखांत मात्र अक्षरांच्या जागी निव्वळ प्रश्नचिन्हे होती. तिथे मूळ बाइटच गेलेले असल्यामुळे कोणतीही स्क्रिप्ट उपयोगाची नव्हती. त्यांतले एकोणीस इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून (जुन्या वेबपानांच्या संग्रहातून) हाताने उतरवून घेतले.

दुव्यांचीही एक गंमत आहे. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याचा तुकडा टक्केचिन्हांच्या रूपात साठवतो (देवनागरीच्या एका चिन्हाला नऊ अक्षरे लागतात) आणि त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. ‘प्रतिक्रिया’ हा शब्द युनिकोडच्या हिशेबात ११ चिन्हांचा, म्हणजे पत्त्यात ९९ अक्षरांचा. असे दोन शब्द आले की जागा संपली. माझे बहुतेक जुने पत्ते त्यामुळे मध्येच तुटलेले होते, आणि बाहेर ज्यांनी दुवे दिले होते ते त्याच तुटक्या पत्त्यांचे. ह्यूगोत जुना पत्ता ‘एलियस’ म्हणून नोंदवता येतो, पण तो वाचकाला पुढे ढकलणारे एक एचटीएमएल पान तेवढे बनवतो. खरे ३०१ पुनर्निर्देशन (पत्ता कायमचा बदलल्याचे सर्व्हरने स्वतः सांगणे) हवे असेल तर सर्व्हरच्या पातळीवर नियम लिहावे लागतात. मी तसेच केले, आणि त्यात दोन शनिवार-रविवार गेले.

रोजच्या वापरात एका गोष्टीने मला पुरते चकवले. सकाळी लिहिलेला लेख बांधणीत येईचना, त्रुटीचा संदेशही नाही. तारखेसोबत प्रमाणवेळेतला फरक लिहिला नाही आणि साइटच्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइलीतही वेळक्षेत्र नेमले नाही, तर ह्यूगो ती वेळ जागतिक प्रमाणवेळ समजतो आणि भविष्यातले लेख मुकाट्याने वगळतो. ज्यांची घड्याळे त्या वेळेच्या पुढे चालतात त्यांनी मांडणीच्या फाइलीत वेळक्षेत्र पहिल्याच दिवशी नोंदवावे.

तक्रारी आहेतच. ह्यूगोची आवृत्ती बदलली की थीम (साइटचे रूप ठरवणारा साचा) मोडते. माझी दोनदा मोडली, म्हणून आता एकच आवृत्ती धरून ठेवली आहे. शोधाची सोय स्वतः जोडावी लागते. मोबाइलवरून घाईत एखादी चूक दुरुस्त करणे वर्डप्रेसवर जितके सोपे होते तितके इथे नाही. प्रतिक्रिया साठवायला ह्यूगोत स्वतःची जागा नाही, आणि ज्यांच्या ब्लॉगचा जीव लेखाखालच्या चर्चेत आहे त्यांना मी ह्यूगो सुचवणार नाही. माझ्याकडच्या जुन्या प्रतिक्रिया मी लेखांखाली साध्या मजकुराच्या रूपात ठेवल्या आहेत. नव्या ईमेलने येतात, कमी येतात, पण लांब येतात.

लेखांचे संपूर्ण फोल्डर आता गिटमध्ये (फायलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) आहे आणि त्याच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असतात. दर महिन्याला त्यांतली एक प्रत रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवून साइट बांधून पाहतो. गेल्या खेपेला अठरा चित्रे गिटमध्ये टाकायचीच राहिल्याचे त्यातूनच लक्षात आले. न सापडलेल्या चार लेखांची शीर्षके आणि तारखा जागेवर ठेवल्या आहेत, मजकूर नाही.