‘क्रियाविशेषणे काढा’ : सात महिन्यांच्या वापरानंतर

नवोदित कथाकारांसाठीच्या एका ऑनलाइन कार्यशाळेचे साडेचार हजार रुपये मी भरले आणि सात महिने तिच्या टिपणांबरहुकूम इमानेइतबारे लिहिले. मागच्या आठवड्यात एका दिवाळी अंकाकडून माझी कथा ‘भाषा कोरडी वाटते’ एवढ्याच शेऱ्यासह परत आली, म्हणून हा अनुभव लिहायला बसलो आहे. ‘सांगू नका, दाखवा’, ‘रोज लिहा’ हे सल्ले वाचकांना तोंडपाठ असतील आणि त्यांबद्दल माझी फारशी तक्रारही नाही. माझे भांडण आहे ते चौथ्या टिपणातल्या एका ओळीशी : संवादाला ‘म्हणाला’खेरीज दुसरे क्रियापद लावू नका आणि क्रियाविशेषण दिसेल तिथे काढून टाका.

या ओळीचे मूळ अमेरिकी कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ साली ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये सांगितलेल्या दहा नियमांत आहे. त्यांनी ‘म्हणाला’ला जोडलेले क्रियाविशेषण वर्ज्य ठरवले होते, शिवाय ‘अचानक’ या अर्थाचा शब्द. टिपणकर्त्याने मात्र ही बंदी सबंध कथेवर लादली. हवामानाने सुरुवात करू नये, या नियमातही लेनर्ड यांनी पात्राच्या हवामानावरील प्रतिक्रियेपुरती मोकळीक ठेवली होती, तीही टिपणात गाळलेली आहे. लावणीच्या तोंडावर पावसाने ओढ दिलेल्या घराची कथा मग सुरू तरी कुठून करायची?

पहिले तीन महिने मी निमूटपणे कात्री चालवली. ‘मांजर सुळकन कपाटाखाली गेले’ याचे ‘मांजर कपाटाखाली गेले’ झाले; ‘तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले’ यातले ‘टचकन’ गेले आणि उरलेले वाक्य नेत्रतपासणीच्या कागदावर शोभेल असे झाले. इंग्रजीत हालचालीची तऱ्हा पुष्कळदा क्रियापदातच सामावलेली असते, त्यामुळे तिथे नेमके क्रियापद निवडले की क्रियाविशेषणाची गरज उरत नाही. मराठीत ‘गेले’ हे साधेच राहते आणि जाण्याची तऱ्हा ‘सुळकन’, ‘झपकन’, ‘हळूच’ हे शब्द सांभाळतात. ते काढले की मांजर नुसते स्थलांतर करते.

एप्रिलमध्ये मात्र जुन्या वह्या काढून मोजदाद केली, तेव्हा मला माझे मत थोडे बदलावे लागले. एका कथेत एकसष्ट क्रियाविशेषणे सापडली. त्यांतली एकोणीस ‘म्हणाला’च्या आधी होती आणि जवळजवळ सगळी ‘ने’ प्रत्ययाची : रागाने, कौतुकाने, निराशेने. ‘“पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस,” तो रागाने म्हणाला,’ या वाक्यात राग आधीच येऊन गेलेला आहे. या एकोणीस जागी नियम बरोबर होता, हे मान्य करणे मला जड गेले, कारण तोपर्यंत फी परत मागणारी मेल लिहून तयार होती.

मेल तरीही पाठवली, कारण ‘म्हणाला’ची सक्ती मला अजूनही पटलेली नाही. ‘बोलून गेला’ यात अनवधान आहे, ‘बोलून बसला’ यात पश्चात्ताप आहे, ‘सांगून टाकले’ यात एकदाचे मोकळे होणे आहे. हे सगळे सपाट करून ‘म्हणाला’ लिहिले की लेखक संयमी ठरत नाही, बहिरा ठरतो. आमच्या आजीचे ‘सून माहेरी गेली म्हणे’ हे वाक्य घ्या : त्या एका ‘म्हणे’त ऐकीव माहिती, शंका आणि थोडा आनंदही आहे. टिपणांच्या चाळीस पानांत या शब्दाचा उल्लेख नाही.

तेवीस दिवसांनी उत्तर आले की लेखनाचे नियम सार्वत्रिक असतात आणि पुढच्या स्तराच्या वर्गासाठी मला वीस टक्के सवलत देण्यात येत आहे. सवलत वजा जाताही ते छत्तीसशे रुपये होतात, आणि तेवढ्यात दिवाळी अंकांचा एक चांगला गठ्ठा येतो. मी नकार कळवला. परत आलेल्या कथेत ‘ने’वाले शब्द काढलेलेच ठेवले आहेत, ‘टचकन’ आणि ‘सुळकन’ जागच्या जागी परत घातले आहेत, आणि कथा आता दुसऱ्या संपादकांकडे जाणार आहे. टिपणांची मागची बाजू कोरी होती, तिच्यावरच सुधारित खर्डा उतरवला.