जुनं रेडिऑन कार्ड, डेबियन आणि आमची अभ्यासिका: वर्षभराच्या वापरानंतर

रेडिऑन एचडी ५४५० हे २०१० सालचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मॉनिटरवर चित्र पाठवणारा संगणकाचा भाग. लालबागच्या आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत एक जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरचं मशीन आहे, त्यात ते गेल्या गणपतीनंतर बसवलं. वर डेबियन १२ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. तेव्हापासून एमपीएससीची तयारी करणारी मुलं रोज त्यावर प्रश्नपत्रिका, वर्तमानपत्रं आणि व्याख्यानं पाहतात. माझं मत आधीच सांगतो: ज्यांच्या घरी किंवा संस्थेत असं जुनं मशीन पडून आहे, त्यांनी ते भंगारात देऊ नये. स्क्रीन काळी पडली की लोक कार्डाला दोष देतात, पण आमच्याकडे सुरुवातीचे सगळे मोठे त्रास फर्मवेअरचे आणि केबलचे निघाले.

पहिला त्रास काळ्या स्क्रीनचा. मुलांकडे डेबियन ११ चा पेन ड्राइव्ह होता, त्यावरून सिस्टम टाकली. बूट होताना अक्षरं धावायची आणि डेस्कटॉप यायच्या जागी काळोख. दुरुस्तीवाल्याने हात न लावता 'कार्ड गेलं, नवीन घ्या' असं सांगितलं. कार्ड शाबूत होतं. कर्नल म्हणजे सिस्टमचा गाभा; त्यातला कार्ड चालवणारा रेडिऑन ड्रायव्हर खुला आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना पाहता येतो. पण चिपला सुरू होताना फर्मवेअरच्या, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामच्या, छोट्या फाइल्स लागतात. या कार्डाच्या चिपचं नाव सीडर, म्हणून त्या फाइल्सही सीडरच्याच नावाने असतात. डेबियन ११ च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये त्या नव्हत्या, कारण खुलं नसलेलं फर्मवेअर डेबियन वेगळं ठेवायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हे धोरण बदललं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या इन्स्टॉलरपासून फर्मवेअर सोबतच मिळू लागलं. आम्ही १२ टाकलं, इन्स्टॉलरने कार्ड ओळखून पॅकेज स्वतःच बसवलं आणि डेस्कटॉप उजळला. तुमच्याकडे आधीची आवृत्ती असेल, तर कर्नलचे संदेश डीमेसेज या कमांडने वाचा. त्यात रेडिऑनच्या ओळींजवळ फर्मवेअर मिळालं नाही असं लिहिलेलं असेल, तर फर्मवेअरचं पॅकेज टाका, बाकी काही उचकू नका.

याच ठिकाणी नोमोडसेट या बूटच्या वेळी द्यायच्या पर्यायाबद्दल कळकळीने सांगायचं आहे. काळी स्क्रीन आली की पहिला सल्ला हाच मिळतो: ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, मेनूत ई दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, बूट करा. स्क्रीन येते, हे खरं. पण त्या अवस्थेत कार्डाचा खरा ड्रायव्हर चालूच होत नाही आणि सगळं चित्र प्रोसेसरला रेखाटावं लागतं. खिडकी सरकवली तरी मशीन धापा टाकतं, मग लोक म्हणतात लिनक्स संथ आहे. नोमोडसेट आत शिरून दुरुस्ती करण्यापुरतं वापरावं आणि काढून टाकावं. खात्री करायला मेसा-युटिल्स पॅकेजमधली जीएलएक्सइन्फो ही कमांड चालवा. रेंडररच्या, म्हणजे चित्र कोण रेखाटतंय त्या, ओळीत एलएलव्हीएमपाइप दिसलं तर प्रोसेसर राबतोय आणि कार्ड बसून आहे, सीडर दिसलं तर काम करतंय.

दुसरा त्रास जास्त चिवट होता, आणि मराठी वाचणाऱ्याला तो सर्वात आधी जाणवतो. आमचा मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, पण स्क्रीन अडली १०२४ बाय ७६८ वर. त्या ताणलेल्या चित्रात इंग्रजी मजकूर कसाबसा वाचता येतो. देवनागरीत मात्र रफार शिरोरेषेत मिसळतो, अनुस्वार पुसट होतो, जोडाक्षरांचा चिखल होतो. तासभर वाचून मुलांचे डोळे दुखायला लागले, तेव्हा मी हा प्रश्न सुटेपर्यंत सोडायचा नाही असं ठरवलं.

मॉनिटर आपली माहिती एडिड नावाच्या १२८ बाइट्सच्या तुकड्यात कार्डाला कळवतो. व्हीजीए केबलमध्ये ती माहिती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून जाते. अनेक स्वस्त केबलमध्ये या पिना जोडलेल्याच नसतात, रंगांच्या आणि सिंकच्या तारा तेवढ्या असतात. मग चित्र येतं, पण समोर कोणता मॉनिटर आहे हे कार्डाला कळत नाही आणि ते १०२४ बाय ७६८ वर थांबतं. सिस्टमच्या सिस फोल्डरमध्ये, ग्राफिक्सच्या डीआरएम या भागाखाली प्रत्येक जोडणीची एडिड फाइल असते. आमची रिकामी होती.

केबल बदलेपर्यंत एक्सरॅन्डआर या कमांडने नवा मोड, म्हणजे स्क्रीनच्या रुंदी-उंचीची मांडणी, घातला. यात एक खाच आहे. मोडचे आकडे काढून देणारी सीव्हीटी ही कमांड रुंदी आठच्या पटीत धरते आणि १३६६ ला आठने भाग जात नाही, म्हणून ती १३६८ चा मोड देते. चित्र येतं पण कडा किंचित धूसर राहते, आणि देवनागरी बिघडवायला तेवढंही पुरतं. १३६६ साठी ८५.५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉकचा प्रमाणित मोड आहे, तो हाताने भरला तेव्हा अक्षरं टोकदार झाली. ही मांडणी लॉगआउट केलं की जाते, त्यामुळे ती एक्स-ऑर्गच्या, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंग फाइलमध्ये मॉनिटर विभागात लिहून ठेवावी लागते. शेवटी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन सगळ्या पिना असलेली केबल आणली आणि ती सेटिंग फाइल पुसून टाकली. केबल घेताना दुकानदाराला मॉनिटरला लावून दाखवायला सांगा.

व्हिडिओ चालताना चित्र मधोमध चिरल्यासारखं दिसायचं. रेडिऑनच्या एक्स ड्रायव्हरमध्ये टेअरफ्री हा पर्याय सुरू केल्यावर ते थांबलं. हे कार्ड एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडू शकतं, पण व्हीपी९ आणि एव्ही१ हे नवे प्रकार नाही, ते ओझं प्रोसेसरवर येतं. म्हणून व्याख्यानं आम्ही ४८०पी या कमी दर्जावर पाहतो. फळ्यावरचं स्पष्ट दिसतं.

पावसाळ्याचा अनुभव वेगळा. जुलैत एके दिवशी स्क्रीनभर हिरवे ठिपके आले. सॉफ्टवेअरमध्ये काहीच बदललं नव्हतं. कार्ड काढलं तर सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या, दमट हवेत इथे हे होतंच. खोडरबराने हलकेच घासून, कण झटकून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवलं आणि ठिपके गेले. आमच्या कार्डाला पंखा नाही, फक्त हीटसिंक. कार्ड जास्तीत जास्त १९ वॉट घेतं, त्यामुळे ते पुरतं. मात्र आजूबाजूला इमारतींची कामं चालू असल्याने हीटसिंकमध्ये धूळ बसते. ती ब्रशने साफ करणं मुलांनी आपल्या वेळापत्रकात घेतलंय.

याच किमतीत एनव्हिडियाचं जीफोर्स २१० कार्ड पण मिळतं, तेव्हा तुलना विचारतात. त्याच्या बंद ड्रायव्हरची ३४० मालिका डिसेंबर २०१९ च्या ३४०.१०८ वर थांबली, आणि नव्या कर्नलसाठी त्यात दुसऱ्यांनी केलेले पॅच लागतात. नूव्हो हा खुला ड्रायव्हर चालतो, पण कार्डाचा वेग आपणहून वाढवत नाही. आधीच घरात असेल तर नूव्होवर जरूर वापरा. विकत घेणार असाल तर रेडिऑन.

स्लीपमधून उठवल्यावर स्क्रीन काळी राहण्याचा त्रास आमच्याकडे अजून सुटलेला नाही. स्लीप बंद ठेवली आहे आणि रात्री शेवटचा मुलगा मशीन बंद करून जातो. टर्मिनलची भीती मात्र राहिली नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे मराठी धडे आहेत, मुलं त्यावरून शिकली, आणि आता डीमेसेज वाचून कुठे अडलंय हे तीच मला सांगतात. डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे १३ वर जायची घाई नाही. जुन्या हार्ड डिस्कवर ते वेगळं टाकून, याच कार्डावर स्लीप चालते का हे आधी तपासणार आहोत.