बोटीच्या पाइपात अडकलेली वायरिंग बदलली : नऊ महिने वापरल्यानंतर

आमची २४ फुटी फायबरची बोट मालवणजवळ देवबागला असते. मागे आउटबोर्ड इंजिन, मध्ये स्टिअरिंगचा खांब, आणि तिथून मागच्या फळीपर्यंत डेकखालून गेलेला दीड इंची पीव्हीसी पाइप. सगळ्या वायरी त्यातूनच जातात. गेल्या पावसाळ्यात बोट वर काढल्यावर पाणी उपसायचा पंप कण्हल्यासारखा चालायला लागला. मीटर लावला तर बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि पंपाजवळ जेमतेम १०.९. वायर सोलली तर आत तांबं काळंठिक्कर, बोटांना हिरवी भुकटी लागली. घरगुती वायरिंगची साधी वायर होती ती. खाऱ्या हवेत ओल तारांमधून आत चढत जाते, मग टोक कापून नवं जोडण्यात अर्थ नसतो.

बदलायचं ठरवलं, पण वायरी हलेनात. पाइपात सहा वायरी, वर इतक्या वर्षांची वाळू आणि मीठ. मी जोर लावला तेव्हा मेस्त्री काका ओरडले, "खेचू नको रे, तुटतली!" त्यांचं खरं होतं. आत तुटली असती तर डेक कापायची वेळ आली असती.

त्यांनी बोटीचं नाळेकडचं, म्हणजे पुढचं तोंड उचलून धरायला लावलं आणि पुढून पाइपात कोमट गोडं पाणी ओतलं. मागून चहासारखं पाणी आलं, मग वाळू. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी आधी सगळ्यात बारीक वायर, मागच्या दिव्याची, दोन-दोन इंच पुढे-मागे करत सोडवली. ती निघाली तशी बाकीच्यांना जागा झाली. पंपाची वायर शेवटी सुटली आणि तिच्याबरोबर अंगठ्याएवढी गाठ तोंडाशी आली : कोणीतरी पाइपाच्या आतच जोड मारून टेप गुंडाळली होती, ती वितळून डिंकासारखी झालेली. सगळं तिथेच अडलं होतं. पाइपाच्या आत जोड मारू नका, ही माझी हात जोडून विनंती.

नवी वायर टिन्ड कॉपरची घेतली, म्हणजे प्रत्येक तारेवर कथलाचा थर असलेली. पंपासाठी ४ चौरस मिलिमीटर. साध्या वायरीच्या जवळजवळ दुप्पट पैसे गेले. ओढण्यासाठी नायलॉनची स्प्रिंग आणली होती, तिच्याबद्दल मात्र तक्रार आहे. वळणावर ती पिळली की टोकाचं पितळी डोकं आट्यातून सुटतं. ते आत राहिलं असतं तर! आता त्यावर आटे घट्ट करणारा गोंद लावलाय. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे जुन्या वायरीलाच नवी बांधून ओढणं. तारा कमी-जास्त लांबीच्या कापून जोड उंदराच्या शेपटीसारखा निमुळता केला, वर टेप. पाण्यात विरघळणारी वायर ओढायची जेल लावली. ग्रीस लावू नका, तेलाने इन्सुलेशन फुगतं. भांड्याचा साबणही नको, सुकल्यावर तोच वायरी धरून ठेवतो. आणि ओढणाऱ्यापेक्षा पलीकडून ढकलणारा माणूस महत्त्वाचा. आमच्याकडे पुतण्या होता, "काकानू, सुटली!" म्हणून ओरडला तेव्हा जीवात जीव आला.

सप्टेंबरपासून मेपर्यंत बोट जवळजवळ रोज पाण्यात होती. पंप चालू असताना त्याच्याजवळ आता १२.३ व्होल्ट मिळतात आणि त्याचा आवाजच बदललाय. परवा मुद्दाम टोक इंचभर कापून पाहिलं, तारा आतून चंदेरी. एक जोड मात्र हिरवा पडला. जोडावर घालून तापवली की आकसते आणि आतल्या गोंदाने चिकटते ती गोंदवाली स्लीव्ह संपली म्हणून तिथे मी साधी घातली होती. बाकी सगळे गोंदवाले जोड कोरडे आहेत.

वायरींसोबत एक नायलॉनची दोरीही पाइपात सोडून ठेवली होती. मार्चमध्ये मासे आणि खोली दाखवणारं यंत्र बसवलं, कारण नदी-समुद्राच्या संगमाजवळची वाळूची पट्टी सरकत राहते. त्याची केबल कापून जोडायची नसते, प्लगसकट न्यावी लागते. दोरीमुळे हे काम पंधरा मिनिटांत झालं. केबलबरोबर दुसरी दोरीही बांधून ओढली, म्हणजे पाइप पुन्हा दोरीविना राहिला नाही. या पावसाळ्यात पुढच्या दिव्याची वायर बदलायचीय, तिच्या पाइपात अजून जुनीच वायर आहे. त्यात आधी गोडं पाणी सोडणार.