लंडनच्या कौन्सिल फ्लॅटचं मेजर वर्क्स बिल: ट्रायब्युनलला पाचपैकी साडेतीन

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, इमारतीतला फ्लॅट विकत घेतला तरी इमारत कौन्सिलचीच राहते. तुम्ही ‘लीजहोल्डर’, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचे (लीजचे) धारक. छप्पर, खिडक्या, लिफ्ट असं मोठं काम निघालं की तुमच्या वाटणीचा खर्च सर्व्हिस चार्जमधून वसूल होतो. मुंबईच्या सोसायटीत निदान सिंकिंग फंड असतो आणि एजीएममध्ये आरडाओरडा करता येतो. इथे अनेक कौन्सिल असा फंड साठवतच नाहीत, म्हणून वीस-तीस हजार पौंडांचं बिल एकदमच दारात येतं. ते मान्य नसेल तर जायचं कुठे? फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाच्या प्रॉपर्टी चेंबरकडे. जुन्या लीजहोल्ड व्हॅल्युएशन ट्रायब्युनलचं काम जुलै २०१३पासून हेच बघतं.

आधी खर्चाचं. अर्जाला शंभरावर आणि सुनावणीला दोनशेवर पौंड फी. एकाच अर्जात शेजारी सामील झाले तर ती वाटून घेता येते. वकील सक्तीचा नाही. हरलात तरी समोरच्याचा खर्च सहसा अंगावर पडत नाही. कुणी अवाजवी वागलं तरच पडतो. पण मेख वेगळीच आहे. तुमच्या लीजमध्ये सोय असेल तर कौन्सिल स्वतःचा वकिलाचा खर्च पुढच्या सर्व्हिस चार्जमध्ये टाकू शकते. म्हणजे युद्धात जिंकलात आणि तहात हरलात. म्हणून ‘लीजहोल्ड ३’ हा फॉर्म भरताना १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं सेक्शन २०सी आणि २००२च्या कॉमनहोल्ड अँड लीजहोल्ड रिफॉर्म ॲक्टच्या शेड्यूल ११मधला परिच्छेद ५ए, या दोन्हींखाली आदेश मागायला विसरू नका.

आता ज्यावर लोक सगळ्यात जास्त भिस्त ठेवतात आणि जिथे ट्रायब्युनलची सेवा सगळ्यात कमी देते, ती बाजू: कन्सल्टेशन, म्हणजे कामाआधी लीजहोल्डरांचं म्हणणं विचारणं. एका लीजहोल्डरवर २५० पौंडांपेक्षा जास्त भार येणार असेल तर सेक्शन २०ची नोटीस द्यावीच लागते. (हा आकडा २००३पासून हललेला नाही.) साध्या कामात पहिली नोटीस कामाच्या इराद्याची, त्यावर ३० दिवस म्हणणं मांडायला आणि ठेकेदार सुचवायला. मग किमान दोन अंदाजपत्रकं, त्यातलं एक तरी कौन्सिलशी संबंध नसलेल्याचं; पुन्हा ३० दिवस. कौन्सिलने ठेकेदाराशी आधीच दीर्घ मुदतीचा करार केलेला असेल तर मात्र कामाला एकच नोटीस येते आणि ठेकेदार सुचवायचा हक्क नसतो. ‘आम्हाला दुसरं कोटेशन आणू दिलं नाही’ ही तक्रार तिथेच बारगळते.

नोटीस चुकली तर वसुली २५० पौंडांवर अडते, हे खरं. पण कौन्सिल ‘डिस्पेन्सेशन’ म्हणजे सूट मागू शकते, आणि २०१३च्या डेजन विरुद्ध बेन्सन निकालानंतर प्रश्न एकच उरला: चुकीमुळे तुमचं नेमकं नुकसान काय झालं? त्या खटल्यात काम सुमारे २,८०,००० पौंडांचं होतं. सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी मालकाला सूट दिली. अट अशी की बिलातून ५०,००० पौंड कमी करायचे आणि लीजहोल्डरांचा खर्चही द्यायचा. त्यामुळे ‘नोटिशीत तारीख चुकली, आम्ही २५०च देणार’ एवढ्यावर जाऊ नका. नीट विचारलं असतं तर काय सुचवलं असतं आणि त्याने किती पैसे वाचले असते, हे कागदावर दाखवा. तेसुद्धा नोटिशीच्या ३० दिवसांतच लिहून पाठवलेलं असेल तर उत्तम. नंतर म्हणजे वरातीमागून घोडं.

ही सेवा खरी चालते ती रक्कम आणि मोजमापावर. जजबरोबर बऱ्याचदा एक सर्व्हेयर सदस्य बसतो आणि त्याला आकडे वाचता येतात. दोन्ही बाजूंना स्कॉट शेड्यूल नावाचा तक्ता भरायचा असतो: बाब, मागितलेली रक्कम, तुमचं म्हणणं, कौन्सिलचं उत्तर, आणि शेवटचा रकाना ट्रायब्युनलसाठी रिकामा. तिथे ‘फार महाग आहे, काम निकृष्ट’ असं लिहिलं की ओळ वाया गेली. समजा बिलात पन्हळ १८६ मीटर लावली आहे. मग असं लिहा: ‘पन्हळ फक्त दोन लांब बाजूंना आहे, प्रत्येकी ५२ मीटर, नकाशा पान ४१, फोटो पान ४३, १०४ मीटर मान्य, दर मान्य.’ दर मान्य केल्याने कमीपणा येत नाही, उलट बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

परांचीकडे खास लक्ष द्या. मोठी गळती बहुतेक वेळा तिथेच सापडते: खिडक्यांसाठी एकदा आणि छपरासाठी पुन्हा उभारलेली, किंवा काम थांबलेलं असतानाही आठवड्याच्या भाड्याने उभी ठेवलेली. ती कधी उभी राहिली, कधी उतरली, याचे तारखेसह फोटो काढून ठेवा. साइटचा सर्वसाधारण खर्च आणि कौन्सिलची व्यवस्थापन फी टक्केवारीने लावलेली असेल तर मूळ बाब कमी झाल्यावर तीही कमी करून मागा. हे आपोआप होत नाही.

कागद मिळवायचे दोन रस्ते. नोटिशीतच कामाचं वर्णन आणि अंदाजपत्रकं कुठे, किती वाजता फुकट पाहता येतील ते दिलेलं असतं. बाकीचं माहिती अधिकारातून मागा. इंग्लंडचा तो कायदा २०००चा आहे आणि उत्तराची मुदत कामकाजाचे २० दिवस. इमारतीच्या स्थितीचा अहवाल, दरांसह कामाची यादी, अंतिम मोजमाप, मध्येच वाढवलेल्या कामांचे आदेश आणि तुमचा वाटा कसा काढला त्याचं गणित, एवढं पुरे. स्थिती अहवालात छपराला अजून दहा वर्षं आयुष्य आहे असं निघालं तर तो कागद बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा.

दुरुस्ती नव्हे, सुधारणा आहे, हा मुद्दाही ट्रायब्युनलमध्ये नीट ऐकला जातो. हाउन्स्लो कौन्सिलच्या आयव्हीब्रिज इस्टेटमध्ये खिडक्या बदलल्या, म्हणून बाहेरचं क्लॅडिंगही बदलावं लागलं, आणि एका लीजहोल्डरचं बिल ५५,००० पौंडांवर गेलं. २०१७मध्ये कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं की सुधारणेचा खर्च वाजवी आहे का हे ठरवताना लीजहोल्डरांचं हित, मत आणि त्यांच्यावर पडणारा आर्थिक भार यांना जास्त वजन द्यायला हवं.

अर्जाआधी दोन गोष्टी तपासा. ‘राइट टू बाय’ (कौन्सिलच्या भाडेकरूला घर विकत घ्यायचा हक्क) खाली झालेल्या मूळ खरेदीला पाच वर्षं झाली नसतील तर विक्रीच्या वेळी कौन्सिलने दिलेली सेक्शन १२५ची ऑफर नोटीस शोधून काढा. त्यात न दिलेल्या सुधारणांचा खर्च त्या काळात मागता येत नाही, आणि दिलेल्या दुरुस्त्यांना आकडा अधिक महागाई एवढीच मर्यादा. दुसरं, खर्च झाल्यावर १८ महिन्यांत मागणी किंवा लेखी सूचना आली का? अंदाजावर आधीच घेतलेल्या पैशांना मात्र हे गणित तसंच लागू होत नाही.

वेळही साधावी लागते. अंदाजित बिलावर गेलात तर अंदाज वाजवी होता का एवढंच तपासलं जातं. कामाच्या दर्जाचा वाद अंतिम हिशेब आल्यावर घाला. तोवर पैसे भरलेत म्हणजे बिल कबूल केलं असं कायदा मानत नाही, पण हप्त्यांच्या करारावर ‘रक्कम मान्य’ अशी ओळ असेल तर सही करू नका. मॉर्गेज असेल तर बँकेला वाद चालू असल्याचं लेखी कळवा, नाहीतर कौन्सिलचं पत्र गेल्यावर बँक परस्पर पैसे भरून कर्जात चढवू शकते.

दीड गुण का कापला? कन्सल्टेशनला दात उरलेले नाहीत, हे पहिलं. शिवाय हप्ते बांधून देणं किंवा ऐपतीनुसार वसुली थांबवणं ट्रायब्युनलच्या हातात नाही. ते कौन्सिलशीच बोलावं लागतं. आणि तारखांच्या बाबतीत ट्रायब्युनल बिनधास्त कडक आहे: ‘डायरेक्शन्स’च्या, म्हणजे काय कधी द्यायचं ते सांगणाऱ्या, पत्रातली मुदत चुकली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. निकाल पटला नाही तर वरच्या ट्रायब्युनलकडे जाण्याची परवानगी इथेच मागायची, २८ दिवसांच्या आत.